लक्षाची चाळणी: थॅलॅमसच्या दारात की कॉर्टेक्सच्या आत?

लक्ष देणे म्हणजे बरेचसे नको ते दाबणे. हे काम गाबा हे रसायन सोडणाऱ्या निरोधक, म्हणजे इतर पेशींना शांत करणाऱ्या, चेतापेशी करतात, पण दोन अगदी वेगळ्या ठिकाणी.

पहिली जागा थॅलॅमसभोवतालचे पातळ आवरण, म्हणजे रेटिक्युलर केंद्रक. थॅलॅमस हे मेंदूच्या आतले, संदेश पुढे पाठवणारे केंद्र. डोळ्यांची, कानांची माहिती थॅलॅमसमधून कॉर्टेक्सकडे, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराकडे, जाताना इथेच तिला लगाम बसतो. शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ मध्ये याला लक्षाच्या प्रकाशझोताशी जोडले. उंदरांत पीटीसीएचडी१ जनुक काढले, तर या पेशींतले पोटॅशियमचे प्रवाह घटतात, निरोध ढिला पडतो आणि प्राणी विचलित, अतिचंचल होतो.

दुसरी जागा खुद्द कॉर्टेक्स, आणि इथला मामला जास्त गुंतागुंतीचा. इथे निरोधक पेशींचे तीन प्रकार कामाला लागतात; त्यांची नावे त्या बनवत असलेल्या रेणूंवरून पडली. पार्वाल्ब्युमिन पेशी संदेश पुढे नेणाऱ्या मुख्य पेशीच्या धडाजवळ जोडलेल्या असतात. त्या झटपट दाबतात, मेंदूतल्या साधारण ३० ते ८० हर्ट्झच्या गॅमा लयीला ताल देतात. सोमॅटोस्टॅटिन पेशी डेंड्राइटवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या पेशीच्या फांद्यांवर, येणाऱ्या संदेशांवरच बसतात. व्हीआयपी पेशी या सोमॅटोस्टॅटिन पेशींनाच गप्प करतात. निरोधाचा निरोध झाला की निवडलेला संदेश मोकळा होतो.

मग सरस कोण? डोळा की कान, अशी ढोबळ निवड असेल तर दारातली चाळणी किफायतशीर. एकाच दृश्यातला बारकावा टिपायचा असेल, तर कॉर्टेक्सशिवाय भागत नाही. चिंता कमी करणाऱ्या, झोप आणणाऱ्या बेंझोडायझेपाइन गोळ्या मात्र हा भेद जाणत नाहीत: त्या सगळीकडचा गाबा-निरोध वाढवतात, म्हणून एकाग्रतेऐवजी गुंगी येते.