आरसिसलॉग: होस्ट गप्प झाला हे वेळेत सांगणारं साधन

माझ्याकडे केव्हीएम (लिनक्सवरचं) आणि ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचं) अशा दोन्ही प्रकारचे होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारे सर्व्हर, आहेत आणि त्यांचे लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, एका ठिकाणी गोळा करायचं काम मी आरसिसलॉगवर सोपवलं आहे. रायनर गेरहार्ड्स यांनी २००४ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, आणि बहुतेक लिनक्स वितरणांत सहज मिळतो. लॉग गोळा करणारी याहून देखणी साधनं कितीतरी आहेत. होस्टच्या बाबतीत मात्र माझी कसोटी एकच असते: लॉग यायचे बंद झाले तर मला ते कोण सांगणार?

होस्ट बंद पडला तर फोन वाजायला लागतात. लॉग बंद पडले तर काहीच होत नाही. व्हीएम चालू असतात, कोणाची तक्रार नसते, आणि एखाद्या पहाटे होस्ट आपोआप रीबूट झाला की तेव्हा उघडकीला येतं, शेवटची नोंद कित्येक आठवडे जुनी आहे. आता कारण शोधायचं कशात?

आरसिसलॉगमधली मला सगळ्यात मोलाची वाटणारी सोय नेमकी याच जागी उपयोगी पडते, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ग्लोबल सेटिंगमध्ये 'सेंडर्स डॉट कीपट्रॅक' चालू केलं की कोणत्या होस्टकडून शेवटचा संदेश कधी आला याचा हिशेब तो ठेवतो. सोबत 'रिपोर्टगॉनअवे' चालू केलं की ठरलेल्या वेळात काहीच आलं नाही तर तो होस्ट गेल्याचा इशारा देतो. ही मुदत मुळात १२ तासांची असते. माझ्या मते ती फार जास्त आहे, मी ती एका तासावर आणली आहे. केव्हीएमचा होस्ट शांत असेल तर तासभर खरंच काही लिहीत नाही, म्हणून त्यावर 'इममार्क' मॉड्यूल लावायचं. ते दर १२०० सेकंदांनी एक खुणेची नोंद टाकतं. मग तासभर शांतता म्हणजे नक्की बिघाड. एवढ्या एका सोयीसाठीही मी हे साधन निवडेन.

इशारा आला की शोध होस्टपासून सुरू करायचा. केव्हीएमवर पहिली शंका जर्नलडीची, म्हणजे लिनक्सवर नोंदी साठवणाऱ्या सेवेची. त्याची साठवण 'ऑटो'वर असेल आणि व्हार-लॉगखाली जर्नल नावाची डिरेक्टरीच नसेल, तर सगळं रॅममध्ये लिहिलं जातं आणि रीबूटबरोबर पुसलं जातं. दुसरी शंका डिस्कची. व्हीएमच्या इमेज आणि लॉग एकाच पार्टिशनवर असतील तर थिन इमेज (लागेल तशी जागा घेणारी व्हीएमची डिस्क फाइल) फुगत जाते, आणि मोकळी जागा राखण्यासाठी जर्नलडी स्वतःच्याच जुन्या नोंदी काढून टाकतो. मुळात तो १५ टक्के जागा मोकळी ठेवायला बघतो. त्यामुळे डिस्क पूर्ण भरायच्या कितीतरी आधीच इतिहास आखूड झालेला असतो. इमेज वेगळ्या पार्टिशनवर ठेवा, याला पर्याय नाही.

तिसरं कारण रेट लिमिट, म्हणजे ठरावीक वेळेत किती नोंदी घ्यायच्या याची मर्यादा, आणि हे जास्त त्रासदायक आहे. जर्नलडी एका सर्व्हिसला ३० सेकंदांत साधारण १०,००० संदेशांची मुभा देतो, त्यापुढचे टाकून देतो. जर्नलमधून नोंदी उचलणारं आरसिसलॉगचं इमजर्नल मॉड्यूल त्यावर स्वतःची वेगळी मर्यादा लावतं, ६०० सेकंदांत २०,००० अशी. स्टोरेजकडे जाणारा मार्ग तुटला, एखादी सर्व्हिस ओरडायला लागली, की नेमक्या त्याच वेळी नोंदी गळतात. जर्नलमध्ये 'सप्रेस्ड' शब्द शोधून बघा. मी होस्टवर दोन्ही मर्यादा वाढवून ठेवते.

आता आरसिसलॉगमधली धोक्याची जागा. दूरच्या सर्व्हरला टीसीपीवरून (नेटवर्कवर पाठवायची एक पद्धत) पाठवताना 'रिझ्यूमरीट्रायकाउंट' उणे एक करा, म्हणजे तो कायम प्रयत्न करत राहील, असा सल्ला सगळीकडे मिळतो. सल्ला अर्धाच आहे. पाठवणाऱ्या अ‍ॅक्शनला स्वतःचा क्यू, म्हणजे थांबलेल्या नोंदींची रांग, दिलेला नसतो, मुळात तो 'डायरेक्ट', म्हणजे रांगेशिवायचा, असतो. लॉग सर्व्हर पडला की तिथे सगळं अडतं, मुख्य क्यू भरतो, आणि मग लॉग लिहू पाहणारे प्रोग्रामच थांबून राहू शकतात. एसएसएचने आत शिरता येत नाही, होस्ट मेला असं वाटतं, प्रत्यक्षात तो फक्त लॉग लिहायची वाट बघत असतो. लॉगपायी होस्ट अडणं मला अजिबात मान्य नाही. म्हणून त्या अ‍ॅक्शनला 'लिंक्डलिस्ट' क्यू (रॅममधली रांग) द्यायचा, क्यूच्या फाइलला नाव द्यायचं म्हणजे रॅम भरल्यावर तो डिस्कवर उतरतो, जागेची कमाल मर्यादा घालायची आणि 'सेव्हऑनशटडाउन' चालू ठेवायचं. हे मुळातच असं असायला हवं होतं. क्यूमध्ये किती साठलंय आणि किती टाकून दिलं, हे 'इम्पस्टॅट्स' मॉड्यूल आकड्यांत दाखवतं. तेही लावाच.

टीसीपी म्हणजे नोंद नक्की पोहोचली, असंही नाही. जोडणी तुटली तर पाठवण्याच्या बफरमधलं हरवतं. दोन्ही टोकांना आरसिसलॉग असेल तर आरईएलपी ही लॉग पाठवायची पद्धत वापरा, त्यात पोहोच मिळते.

ईएसएक्सआयला आरईएलपी येत नाही. तिथे यूडीपी किंवा टीसीपी पोर्ट ५१४, नाहीतर एसएसएल पोर्ट १५१४. त्या होस्टवरून नोंदी थांबल्या तर आधी त्याच्याच फायरवॉलमधला सिसलॉगचा नियम उघडा आहे का बघा, मग 'ईएसएक्सक्लाय' या कमांडने एक मार्क संदेश पाठवा आणि तो इकडे उमटतो का ते पाहा. नाही उमटला तर व्हार-लॉगमधली व्हीएमसिसलॉगडीची (ईएसएक्सआयच्या सिसलॉग सेवेची) एरर फाइल वाचा. तिचं नाव टिंबाने सुरू होतं, म्हणून साध्या यादीत ती दिसत नाही. जुन्या आवृत्त्यांमध्ये दूरची जोडणी एकदा तुटली की सिसलॉग रीलोड करेपर्यंत पाठवणं पुन्हा सुरूच होत नसे, तेव्हा रीलोड करून बघण्यात वेळ वाया जात नाही. होस्ट यूएसबी किंवा एसडी कार्डवरून बूट होत असेल तर स्क्रॅच (लॉग वगैरे ठेवायची जागा) कुठे आहे तेही तपासा. ते रॅमडिस्कवर असेल तर रीबूटनंतर हाती काही राहत नाही.

घेणाऱ्या बाजूला दोन गोष्टींनी माझं काम फार सोपं केलं. फाइलचं नाव होस्टनेमवरून न ठरवता 'फ्रॉमहोस्ट-आयपी'वरून ठरवायचं, कारण नाव न दिलेले होस्ट सगळे 'लोकलहोस्ट' म्हणून एकाच फाइलीत कोंबले जातात आणि एखादा हरवलेला लक्षातही येत नाही. आणि प्रत्येक ओळीत होस्टने सांगितलेल्या वेळेसोबत 'टाइमजनरेटेड', म्हणजे संदेश इथे आला ती वेळ, छापायची. घड्याळ भरकटलेला होस्ट दोन वेळांच्या फरकातून लगेच ओळखू येतो.

तक्रार कॉन्फिगरेशनबद्दल आहे आणि ती मोठी आहे. तीन पिढ्यांच्या लेखनपद्धती एकाच फाइलीत चालतात: जुने सिलेक्टर, डॉलरवाल्या ओळी आणि नवं रेनरस्क्रिप्ट. शोधायला गेलं की उदाहरणं तिन्हींची मिसळून मिळतात. नवीन माणसाने फक्त रेनरस्क्रिप्ट धरावं, आणि बदल केला की रीस्टार्टआधी आरसिसलॉगच्या कमांडला 'वजा एन एक' (-N1) लावून फाइल तपासून घ्यावी. त्या तपासणीत व्याकरणाच्या चुका पकडल्या जातात, पण लॉग सर्व्हरपर्यंत काही पोहोचतंय का हे कळत नाही. त्यासाठी 'लॉगर' कमांडने एक ओळ पाठवून ती पलीकडे डोळ्यांनी बघावी लागते.

आणि एक, क्यूईएमयूचे (केव्हीएमवर व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामचे) प्रत्येक व्हीएमचे लॉग सिसलॉगमध्ये येत नाहीत. व्हर्टलॉगडी हा प्रोग्राम ते लिबव्हर्टच्या (व्हीएम सांभाळणाऱ्या साधनाच्या) डिरेक्टरीत वेगळ्या फाइलींत लिहितो, मुळात २ एमबीची एक फाइल आणि तीन जुन्या प्रती, बस. व्हीएम का पडली याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं. आरसिसलॉगचं 'इमफाइल' मॉड्यूल वाइल्डकार्ड (*) देऊन त्या डिरेक्टरीवर लावा. नव्या व्हीएमची फाइलही ते आपणहून उचलतं.