रोव्हर, जुनो की चांद्रयान-२? परग्रहांची कच्ची चित्रं हाताळायला कुठून सुरुवात करावी

मे महिन्यात नागपूरची दुपार घरातच काढावी लागते. त्या चार-पाच तासांत मंगळाचा पॅनोरमा किंवा गुरूचं रंगीत चित्र स्वतः जुळवायचं असेल, तर लागणारं सगळं फुकट मिळतं: यानांनी पाठवलेली कच्ची चित्रं आणि जिम्प (चित्र सुधारायला), हगिन (चित्रं जोडायला), क्यूजीआयएस (नकाशे आणि मोठ्या फाइली उघडायला) ही सॉफ्टवेअर. गाडी अडते ती निवडीपाशी. मंगळावरचे रोव्हर, गुरूभोवतीचं जुनो आणि आपलं चांद्रयान-२, या तिन्हींच्या चित्रांवरचं काम फार वेगळं आहे. पुढचा हिशेब ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप आणि मोबाइलचा रोजचा दीड जीबी डेटा धरून केला आहे.

पहिल्यांदाच करत असाल तर मंगळावरचा पर्सिव्हिअरन्स रोव्हर घ्या, जुनो त्यानंतर. चित्र सजवण्यापेक्षा मोजमापात रस असेल, तर मात्र थेट चांद्रयान-२.

रोव्हर

क्युरिऑसिटी ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरलं, पर्सिव्हिअरन्स फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरात. दोन्हींची कच्ची चित्रं सोलवार लावलेली मिळतात. सोल म्हणजे मंगळाचा दिवस, सुमारे २४ तास ४० मिनिटांचा. फाइली लहान असतात, त्यामुळे तीस चित्रांचा पॅनोरमाही मोबाइल डेटावर सहज उतरतो.

दोघांत खरा फरक डोळ्यांचा. क्युरिऑसिटीच्या मास्टकॅमचा, म्हणजे खांबावरच्या जोड-कॅमेऱ्याचा, डावा डोळा ३४ मिमी फोकल लेंग्थचा आणि उजवा १०० मिमीचा; आकडा मोठा तितकं दृश्य जवळचं. थ्रीडी करायचं तर उजवं चित्र जवळपास एक तृतीयांश करावं लागतं आणि तपशील तिथेच जातो. पर्सिव्हिअरन्सच्या मास्टकॅम-झेडला दोन्ही डोळ्यांत २६ ते ११० मिमीपर्यंत सारखाच झूम आहे आणि डोळ्यांमधलं अंतर २४.४ सेंमी. लाल-निळ्या चष्म्यातून पाहायचं चित्र इथे लवकर जमतं. क्युरिऑसिटीचंच थ्रीडी हवं असेल, तर त्याचा कृष्णधवल नॅव्हकॅम, म्हणजे वाट शोधायचा जोड-कॅमेरा, घ्या. तिथे अंतर ४२ सेंमी आहे, त्यामुळे खोली भरपूर दिसते.

आधी फाइलचं नाव वाचायला शिका. मास्टकॅम-झेडच्या नावात सुरुवातीचं झेडएल म्हणजे डावा डोळा, झेडआर म्हणजे उजवा. मग सोलचा आकडा येतो. नावातल्या झेडकॅम या अक्षरांपुढचे आकडे म्हणजे एका ओळीने घेतलेल्या चित्रांच्या मालिकेचा क्रमांक, आणि शेवटच्या तुकड्यातले पहिले तीन आकडे म्हणजे फोकल लेंग्थ: ०३४, ०६३, ११०. एका फोल्डरात एकच मालिका, एकच डोळा, एकच फोकल लेंग्थ. छोटी थंबनेल काढून टाका, कडेला काळी पट्टी असेल तर आधीच कापा.

या चित्रांत कॅमेऱ्याची माहिती भरलेली नसते, म्हणून हगिन आडवा दृश्यकोन विचारतं. ११० मिमीला सुमारे ६.२ अंश, ६३ ला १०.७ आणि ३४ ला १९.८ टाका. इथे अंदाजपंचे ५० टाकलं, तर जोडणी वाकडी येते आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

दुसरी चूक कंट्रोल पॉइंटची, म्हणजे दोन चित्रांतल्या एकाच जागेवर लावलेल्या जोडांची. आकाश आणि सपाट वाळू सगळीकडे सारखीच दिसते, त्यामुळे हगिन तिथे खोटे जोड लावतं. ते हाताने पुसा. जवळचे दगड दुहेरी दिसत असतील तर कारण भूमितीचं आहे: कॅमेरा खांबाच्या अक्षावर नाही, बाजूला सुमारे १२ सेंमीवर आहे. खांब फिरला की जवळच्या वस्तू सरकतात, दूरचे डोंगर सरकत नाहीत. जोड दूरच्या खडकांवर ठेवा आणि रोव्हरची चाकं सरळ कापून टाका.

रंगावर जरा थांबायला हवं. मंगळ लालच दिसला पाहिजे म्हणून बरेच जण लाल वाढवतात, आणि जिम्पच्या ऑटो व्हाइट बॅलन्सने उलट आकाश निळसर होतं. दिवसा मंगळाचं आकाश पिवळट-तपकिरी असतं. निळसर झाक दिसते ती सूर्यास्ताच्या वेळी, सूर्याजवळ. रोव्हरवर करड्या आणि रंगीत ठिपक्यांची एक चकती बसवलेली आहे. त्याच सोलचं तिचं चित्र शोधा आणि जिम्पच्या लेव्हल्समध्ये करडा बिंदू तिच्यावरून घ्या. चकतीवर धूळ बसते, त्यामुळे कमी मळलेला भाग निवडा. असं केल्यावर दगड पृथ्वीच्या उजेडात दिसतील तसे दिसतात. सेमिनरी हिल्सच्या काळ्या पाषाणाचा फुटलेला तुकडा शेजारी ठेवून बघा: बाहेर तपकिरी साल, आत करडा-काळा. मंगळावरही लाली बरीचशी वरवरची आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये क्युरिऑसिटीने जॉन क्लाइन नावाच्या खडकात १.६ सेंमी रुंद, ६.४ सेंमी खोल भोक पाडलं, तेव्हा निघालेला भुगा करडा होता. ते चित्र रंग सुधारण्याच्या सरावासाठी फार उत्तम आहे.

जुनो

जुनो जुलै २०१६ मध्ये गुरूपाशी पोहोचलं. ते स्वतःभोवती मिनिटाला सुमारे दोन फेऱ्या घेतं, आणि जुनोकॅम त्या फिरण्याचाच उपयोग करून पट्ट्या-पट्ट्यांनी चित्र घेतो. म्हणून कच्ची फाइल उघडली की गुरू दिसतच नाही. १६४८ पिक्सेल रुंद आणि १२८ उंच अशा निळ्या, हिरव्या, लाल फिल्टरच्या पट्ट्या एकाखाली एक, आणि ढगाचा तोच भोवरा तिन्हींत वेगवेगळ्या जागी. हाताने जुळवायला गेलात तर मध्यभाग बसतो आणि कडेला रंगांच्या झालरी उरतात, कारण गुरूजवळून जाताना यान सेकंदाला ५० किमीहून जास्त वेगाने पळत असतं. नेमकी जुळवणी करायची तर आयसिस हे ग्रहांच्या चित्रांसाठीचं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर आणि यानाच्या स्थितीच्या फाइली लागतात. पहिल्या महिन्याचं ते काम नव्हे.

सोपी वाट आहे. मोहिमेच्या पानावर कच्च्या फाइलीबरोबर वेगळी काढलेली लाल, हिरवी आणि निळी चित्रंही मिळतात. ती जिम्पमध्ये कंपोझने एकत्र करा, पंधरा मिनिटांचं काम. ११ जुलै २०१७ च्या सातव्या फेरीतला तांबडा डाग पहिल्यांदा घ्या. कॉन्ट्रास्ट हळूहळू वाढवा. मूळ १२ बिटांची माहिती ८ बिटांत दाबलेली असते, एकदम ताणली की सावलीकडच्या भागात पायऱ्या दिसू लागतात. उशिराच्या फेऱ्या सुरुवातीला टाळा. किरणोत्साराने कॅमेऱ्याला इजा होत गेली, आणि ३० डिसेंबर २०२३ च्या, गुरूचा चंद्र आयओच्या भेटीआधी तो तापवून सुधारावा लागला. जुनोची चित्रं हाताळण्यात नावाजलेले गेराल्ड आइकश्टेट आणि केव्हिन गिल यांनी केलेली चित्रं शेजारी ठेवा, म्हणजे आपलं कुठे कमी पडतं ते कळतं.

तीन फिल्टरांचं गणित शांतपणे शिकायचं असेल, तर कॅसिनी यानाने घेतलेली शनीची १०२४ बाय १०२४ पिक्सेलची चित्रं जुनोपेक्षा सोपी आहेत. शनीचे चंद्र मात्र दोन चित्रांच्या मधल्या वेळात सरकतात, तेवढे वेगळे जुळवावे लागतात.

चांद्रयान-२

चंद्र ग्रह नाही, पण २५ सेंमीच्या पिक्सेलचं चित्र स्वतः मोजायला मिळतं ते इथे. त्याचा ओएचआरसी कॅमेरा १०० किमीवरून इतकं बारीक टिपतो की त्याच उंचीवरून सीताबर्डीतली उभी ऑटो दहा-अकरा पिक्सेल लांब दिसेल. इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नोंदणी करावी लागते. अडचण आकाराची: एकेक फाइल एक जीबीच्या घरात, म्हणजे दिवसाचा डेटा जवळपास संपलाच. घरचं वाय-फाय असेल तरच या वाटेला जा. झिपमधली एक्सएमएल फाइल क्यूजीआयएसमध्ये ओढा, इमेज फाइल नव्हे, आणि हवा तेवढा तुकडा कापून मगच जिम्पमध्ये न्या. अख्खी फाइल जिम्पमध्ये उघडली तर ८ जीबी रॅम पुरणं कठीण.

मोजणी अशी. शिळेची सावली ४० पिक्सेल, म्हणजे १० मीटर. एक्सएमएलमध्ये सूर्याची उंची १० अंश दिली असेल, तर १० ला १० अंशाच्या टॅनने, म्हणजे ०.१७६ ने गुणा: शिळा सुमारे १.८ मीटर उंच. हे गणित सपाट जमिनीवरच चालतं. उतारावर सावली लांबते किंवा आखडते. मोजण्याआधी चित्र असं फिरवा की उजेड वरच्या बाजूने येईल, कारण खालून उजेड आला की डोळ्याला खड्डा टेकडीसारखा दिसतो.