सेसना १७२ एम : पन्नाशीतलं विमान दीड वर्ष वापरल्यावर

विमान १९७५ सालचं आहे. चार आसनी, एका इंजिनाचं, पंख डोक्यावर असलेलं सेसना १७२ एम. मी आणि इथल्याच एका गव्हाच्या शेतकऱ्यानं ते निम्म्या निम्म्या वाट्यानं घेतलं, त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. आम्ही कॅन्ससमध्ये विचिटाजवळ राहतो, म्हणजे हे विमान जिथे तयार झालं त्याच शहराजवळ. क्लाइड सेसना, वॉल्टर बीच आणि लॉइड स्टियरमन या तिघांनी १९२५ मध्ये इथे एकत्र ट्रॅव्हल एअर नावाची विमानांची कंपनी काढली आणि पुढे तिघांच्या तीन वेगळ्या कंपन्या झाल्या. त्यामुळे जुन्या विमानांचे जाणकार इथे गल्लोगल्ली भेटतात, आणि खरेदीत त्याचा मला फार उपयोग झाला. पुण्याहून, डॅलसहून, बे एरियातून ओळखीचे लोक स्वतःचं विमान घेण्याबद्दल सारखे विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

मुख्य गोष्ट आधी सांगते. जुनं विमान उडून जेवढं झिजत नाही तेवढं उभं राहून खराब होतं. जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवलं तर निम्मं काम झालं.

जाहिरातीत सगळ्यात ठळक आकडा असतो तो ओव्हरहॉलनंतर, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्यानं बांधल्यानंतर, ते किती तास चालल्याचा. आकडा जितका लहान तितकी किंमत जास्त. आम्हीही असं एक विमान पाहिलं. रंग चकचकीत, आसनं नवी, ओव्हरहॉलनंतर जेमतेम ३०० तास. पण तो ओव्हरहॉल झाला होता नव्वदच्या दशकात. म्हणजे पंचवीसहून जास्त वर्षांत ३०० तास. मधली कित्येक वर्षं विमान हँगरमध्ये धूळ खात पडलेलं.

आमच्या विमानाचं इंजिन लायकमिंग ओ-३२०-ई२डी. चार सिलिंडर, १५० अश्वशक्ती, हवेनं थंड होणारं. लायकमिंगच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्ट या मुख्य फिरत्या दांड्याच्या वरच्या बाजूला असतो. इंजिन फिरत असतं तेव्हा तेलाचे शिंतोडे उडून तो भिजतो. इंजिन बंद झालं की तेल हळूहळू खाली ओघळतं आणि कॅम उघडा पडतो. मग हवेतल्या दमटपणानं त्यावर गंजाचे बारीक ठिपके धरतात. पुन्हा इंजिन सुरू केलं की त्या खरबरीत जागांवर टॅपेट (कॅमवर टेकणारे छोटे भाग) घासले जातात, कॅम झिजत जातो आणि एक दिवस तेलाच्या फिल्टरमध्ये लोखंडाचा कीस दिसतो. तिथून पुढे इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि तो खर्च तीस-चाळीस हजार डॉलरच्या घरात जातो. कंपनी ओव्हरहॉलची मुदत सांगते ती २००० तास किंवा १२ वर्षं. जाहिरातीत तास असतात, वर्षं नसतात. ती लॉगबुक उघडून आपणच मोजायची.

आम्ही घेतलेल्या विमानाच्या इंजिनाचे ओव्हरहॉलनंतर १४०० तास झाले होते. रंग उन्हानं विटलेला, मागच्या आसनाचं कापड फाटकं. पण आधीचा मालक दर आठवड्याला ते उडवत होता आणि लॉगबुकात दर पन्नास तासांच्या आत तेल बदलल्याची नोंद सलग दिसत होती. खासगी वापरात कंपनीची मुदत कायद्यानं बंधनकारक नसते. इंजिनाची तब्येत चांगली असेल तर ते त्यापुढेही चालवता येतं. आम्ही हे दुसरं विमान घेतलं आणि किंमत पहिल्यापेक्षा बरीच कमी पडली.

खरेदीआधीची तपासणी करून घेताना एकच पथ्य पाळा, पण ते कसोशीनं पाळा. ज्या मेकॅनिकनं ते विमान आजवर हाताळलेलं नाही त्याच्याकडूनच ती करून घ्या. विकणारा म्हणतो, 'नुकतंच ॲन्युअल (दरवर्षीची सक्तीची तपासणी) झालंय, ताजं आहे.' झालेलं असेलही. पण ते त्याच्या माणसानं त्याच्यासाठी केलेलं असतं. आमच्या मेकॅनिकनं चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन पाहिलं, बोरोस्कोप, म्हणजे आत घालायचा बारीक कॅमेरा, घालून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पाहिले, फिल्टर कापून त्याची घडी उलगडून पाहिली, पंखांच्या आतल्या भागात आणि शेपटीत गंज आहे का ते पाहिलं. विमानाइतकाच वेळ त्यानं कागदांवर घालवला. एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), इंजिन आणि प्रोपेलर यांची पहिल्या दिवसापासूनची लॉगबुकं हवीत. शिवाय एफएएचे, म्हणजे इथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेचे, सक्तीचे सुरक्षा आदेश, ज्यांना इथे सगळे एडी म्हणतात, एकेक करून पूर्ण झाल्याची नोंद हवी.

या आदेशांतला एक सेसनावाल्यांच्या तोंडी कायम असतो. पुढची आसनं रुळांवर सरकतात. रूळ झिजला किंवा खिटी नीट बसली नाही तर विमान नाक वर करून उडत असतानाच आसन सटकन मागे जातं आणि वैमानिकाच्या हातातलं नियंत्रणाचं चाक सुटतं, किंवा तो त्यालाच धरून ते मागे ओढतो. यात माणसं गेली आहेत. म्हणून हे रूळ दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, मोजून तपासावे लागतात. मी आजही उड्डाणापूर्वी आसन दोन्ही हातांनी हलवून बघते. शेजारी बसणाऱ्यालाही तेच करायला लावते.

आता आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं. अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर नोंदवायचं तर नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-वन-बी व्हिसावर असणाऱ्याला लायसन्स काढता येतं, भाड्याचं विमान उडवता येतं, पण थेट नावावर घेता येत नाही. आणि परदेशी नागरिकाला, ग्रीन कार्ड असलं तरी, शिकायला सुरुवात करण्याआधी टीएसए या सरकारी सुरक्षा यंत्रणेची मंजुरी घ्यावी लागते. विमानांची सगळी नोंद ओक्लाहोमा सिटीला असते. तिथून विमानावर कुणाचं कर्ज किंवा बोजा आहे का हे आधी काढून घ्या, आणि पैसे मध्यस्थ खात्यातूनच द्या. नोंदणीची फी मात्र अवघी पाच डॉलर.

हे विमान 'चार आसनी' आहे, पण चार मोठी माणसं आणि पूर्ण टाकी हे गणित जमत नाही. कमाल वजन २३०० पौंड, म्हणजे १०४३ किलो. आमचं रिकामं विमान, रेडिओ वगैरे धरून, १४४० पौंडांचं. उरले ८६०, म्हणजे साधारण ३९० किलो. वापरता येणारं ३८ गॅलन इंधन भरलं की त्यातले १०३ किलो गेले. राहिले २८७ किलो. सरासरी पंचाहत्तर किलोची चार माणसं बसवली तर सामान ठेवण्याआधीच मर्यादा ओलांडली. माझे आई-बाबा आले होते तेव्हा आम्ही चौघं गेलो, पण टाकी अर्ध्याच्या खाली ठेवली आणि जाणंही जवळच होतं. पाहुण्यांना वजन विचारायला लाजू नका. मी तर आईलाही काट्यावर उभं केलं. कॅन्ससच्या ऑगस्टमध्ये चाळीस अंशांच्या आसपास तापमान असतं, तेव्हा हवा विरळ होते, चढण मंदावते, आणि तक्त्यात पाहिलेला एकेक पौंड प्रत्यक्ष जाणवतो.

वेग साधारण १०५ नॉट, ताशी १९५ किलोमीटर. इंधन तासाला ८ गॅलन, म्हणजे ३० लिटर.

खर्चाचं बोलू. आमच्याकडचे आकडे असे : हँगरचं भाडं वर्षाला ३३०० डॉलर, विमा १४००, ॲन्युअलची तपासणी २२०० आणि तिच्यात निघालेली दुरुस्ती धरून सुमारे ४०००. म्हणजे विमान जागचं हललं नाही तरी वर्षाला ८७०० डॉलर जातात, माझ्या वाट्याला त्याचे निम्मे. उडण्याचा खर्च वेगळा. इंधन, तेल आणि पुढच्या ओव्हरहॉलसाठी बाजूला काढलेली रक्कम मिळून तासाला सत्तर डॉलर. असंच विमान आमच्या भागात भाड्यानं तासाला १६० च्या आसपास पडतं. हिशेब केला तर वर्षाला पन्नासएक तास उडणार असाल तरच निम्मा वाटा परवडतो, आणि एकट्यानं घ्यायचं तर शंभराच्या आसपास. याहून कमी उडणाऱ्याला भाड्याचंच विमान स्वस्त पडतं. हँगरवर पैसे वाचवू नका. इथे वसंतात गारपीट होते आणि पंखाचा पत्रा पातळ असतो.

पण भागीदारीचा खरा फायदा मला पैशापेक्षा इंजिनात दिसतो. तो शेतकरी आठवड्याच्या मधल्या दिवशी उडतो, मी शनिवार-रविवारी. पेरणी-कापणीत तो अडकला तर मी जास्त उडते, मी भारतात गेले तर तो. दोन आठवडे विमान जमिनीवर राहिलं असं क्वचितच होतं. तेल खरोखर तापेल, त्यातला पाण्याचा अंश उडून जाईल इतकं उडायचं, निदान तासभर, असं आम्ही ठरवून टाकलंय. जमिनीवर दहा मिनिटं इंजिन चालवून बंद करणं उलट वाईट, त्यानं ओलावा आतच राहतो. दर तेलबदलाला नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. लोखंडाचं प्रमाण दीड वर्षात वाढलेलं नाही.

सहमालक निवडताना त्याचं विमान उडवणं जितकं बघाल तितकंच त्याचं हँगर आवरणं बघा. आमचा करार दोन पानांचा आहे. एखाद्याला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरवायची हे त्यात पहिल्याच परिच्छेदात आहे.

दुरुस्त्या काय निघाल्या? पहिल्याच ॲन्युअलला तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन ८० पैकी ५८ आलं. बाकी तिन्ही सत्तरीच्या वर. अशा वेळी काहीजण लगेच सिलिंडर काढायला सांगतात. आमच्या मेकॅनिकनं बोरोस्कोपनं पाहिलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर साठलेला मळ होता, व्हॉल्व्ह जळलेला नव्हता. सिलिंडर न काढता त्यानं व्हॉल्व्ह जागच्या जागी घासून बसवला. काही तास उडवून पुन्हा मोजलं तर ७४. असा मेकॅनिक जपावा. इंधनाच्या टाकीची जुनी, पंखाच्या पृष्ठभागाशी सपाट बसणारी झाकणं पावसाचं पाणी आत घेतात, ती बदलून छत्रीसारखी झाकणं बसवली. नाकाच्या चाकाची थरथर डँपर नव्यानं भरल्यावर थांबली. क्षितिज दाखवणारं यंत्र ज्यावर चालतं तो व्हॅक्यूम पंप मात्र कसलीही सूचना न देता गेला. तेव्हा स्वच्छ ऊन होतं आणि क्षितिज समोर दिसत होतं म्हणून काही बिघडलं नाही, पण ढगात असते तर परिस्थिती वेगळी असती. त्यानंतर आम्ही ते यंत्र विजेवर चालणारं घेतलं.

मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे मालकाला स्वतः करता येणारी कामं. तेल बदलणं, स्पार्क प्लग साफ करणं, टायर बदलणं, अशी ठरावीक कामं खासगी लायसन्स असलेला मालक स्वतः करून लॉगबुकात सही करू शकतो. आपल्या इंधनात अजूनही शिसं असतं, त्यामुळे खालच्या प्लगमध्ये शिशाचे राखाडी खडे साठतात. धावपट्टीकडे जाताना मिश्रणाचा लाल दांडा बराच मागे ओढून ठेवला, म्हणजे इंधन कमी केलं, तर ते पुष्कळ कमी होतात. शिकवताना हे कुणी फारसं सांगत नाही. पहिल्यांदा स्वतः प्लग काढले तेव्हा मला माझ्या इंजिनाचा स्वभाव कळायला लागला.

प्रवासासाठी उपयोग किती? आमच्या बऱ्याच मराठी ओळखी आर्कन्सामधल्या बेंटनव्हिलला आहेत. गाडीनं चार तास, विमानानं हवेतले पावणेदोन. तिथला विमानतळ लुईज थेडनच्या नावाचा आहे. ती बेंटनव्हिलची मुलगी. तिनं विचिटात बनलेलं ट्रॅव्हल एअर घेऊन १९२९ ची महिलांची देशव्यापी शर्यत जिंकली आणि १९३६ मध्ये विचिटाच्याच बीचक्राफ्टमधून बेंडिक्स शर्यतीचा करंडक. त्या दोन गावांमधलं अंतर विचिटाच्याच विमानातून कापताना मला फार आनंद होतो, आणि तो दीड वर्षात कमी झालेला नाही. खाली फ्लिंट हिल्सची कुरणं, पंख वर असल्यानं दोन्ही बाजूंना नजर मोकळी.

पण ठरलेल्या वेळी पोहोचायचंच असेल, लग्न, परीक्षा, पुढचं मोठं विमान पकडायचं, तर गाडी काढा. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे ढगांतून फक्त यंत्रं बघून उडण्याची परवानगी, अजून माझ्याकडे नाही, आणि मे महिन्यातल्या इथल्या वादळांपुढे ते असूनही अशा विमानाचं काही चालत नाही. जाताना छान हवा आणि परत यायच्या दिवशी ढगांची भिंत, असं झालं की मी तिथेच मुक्काम वाढवते. ऑफिसात माझ्या साहेबांना हे आधीच सांगून ठेवलंय. कॅन्ससचा आडवा वारा हा आणखी एक विषय. या विमानाच्या पुस्तकात १५ नॉटचा आडवा वारा करून दाखवल्याचं लिहिलंय. इथे वसंतात दुपारी तेवढा वारा रोजचाच. म्हणून मी सकाळी लवकर निघते.

घ्यायचा विचार असलेल्यांनी आधी वर्षभर भाड्याच्या १७२ वर उडावं आणि किती तास होतात ते प्रामाणिकपणे मोजावं. पन्नास भरले तर एखादा शिस्तीचा भागीदार शोधा, आणि मग रंग उडालेलं पण दर आठवड्याला उडणारं विमान. आमचं इंजिन आता १६०० तासांजवळ पोहोचतंय. पुढच्या ॲन्युअलला दोन्ही मॅग्नेटो, म्हणजे स्पार्क प्लगना ठिणगीसाठी वीज देणारी यंत्रं, उघडून तपासायचे आहेत, कारण मागच्या तपासणीला ५०० तास होत आले. मागच्या आसनाचं फाटकं कापड मात्र तसंच आहे, ते या हिवाळ्यात बदलू.