मे महिन्यात टिकणारा पीसी: नागपुरात गेमिंग-स्ट्रीमिंगसाठी कोणते पार्ट घ्यावे

गेल्या महिन्यात भाच्याने बर्डीच्या बाजारातून आणलेली दोन कोटेशनं माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "मामा, यातलं कोणतं घेऊ?" एका कागदावर इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर, जुन्या पिढीची डीडीआर४ रॅम आणि तिथे वाचलेल्या पैशांत १६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. दुसऱ्यावर एएमडीचा रायझन ५ ७६००, नव्या पिढीची डीडीआर५ रॅम आणि ८ जीबीचं कार्ड. मॉनिटर सोडून बेरीज दोन्हीकडे ८०-९० हजारांच्या घरात. त्याला रोज संध्याकाळी व्हॅलोरंट खेळायचंय, सुट्टीत मोठे गेम, आणि दोन्ही यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचेत.

मी दोन्ही कागदांच्या तळाच्या ओळी आधी वाचल्या. एकावर "एसएमपीएस ६०० वॅट", दुसऱ्यावर "आरजीबी कॅबिनेट विथ एसएमपीएस". एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग, आरजीबी म्हणजे रंगीत दिवे. पण ना कंपनी, ना मॉडेल नंबर. प्रोसेसर आणि कार्डाबद्दल बोलायला भाचा तयारीत आला होता, या ओळींकडे त्याचं लक्षही गेलं नव्हतं. पण नागपुरात पीसीचा कस लागतो तो मे महिन्यात. बाहेर पारा ४५ च्या वर, खोलीत ३६-३८, त्यात मध्येच लाईट जाते आणि शेजारी कूलर घरघरत असतो. अशा वेळी लाइव्ह बंद पडतं ते बहुतेक वेळा उष्णतेने किंवा लाईटमुळे. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पाच-दहा कमी आहेत म्हणून कोणाचं स्ट्रीम बंद पडलेलं मी पाहिलं नाही. त्यामुळे मी तुलना करतो ती हाच महिना डोळ्यासमोर ठेवून.

प्रोसेसर: १२४००एफ की ७६००?

दोन्ही ६ कोअर आणि १२ थ्रेडचे, दोन्ही ६५ वॅटच्या वर्गातले. गेममध्ये ७६०० पुढे आहे. व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये हा फरक जास्त दिसतो, कार्डावर भार टाकणाऱ्या मोठ्या गेममध्ये कमी. पण माझ्या दृष्टीने निर्णय इतर दोन गोष्टींवर होतो.

पहिली गोष्ट सॉकेटची, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेची. १२४००एफ ज्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये बसतो, त्यात इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीचे प्रोसेसर चालतात. २०२४ च्या अखेरीस इंटेलने नवा सॉकेट आणला, म्हणजे हा रस्ता पुढे संपतो. एएमडीचा एएम५ सॉकेट २०२२ चा. २०२७ आणि त्यापुढेही तो चालू ठेवू, असं कंपनीने जाहीर केलंय. आज ७६०० घेतला तर तीन वर्षांनी त्याच बोर्डावर ९८००एक्स३डी सारखा तगडा प्रोसेसर बसवता येईल. आधीच्या एएम४ सॉकेटच्या बाबतीत हे होताना आपण पाहिलंय: २०१७ चे कित्येक बोर्ड बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर २०२२ चे प्रोसेसर चालवू लागले.

दुसरी गोष्ट त्या "एफ" अक्षराची. ते असलं की प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. कार्ड वॉरंटीसाठी पाठवलं की स्क्रीन काळी, आणि कार्ड परत येईपर्यंत पीसी नुसता ठोकळा. ७६०० मध्ये छोटंसं ग्राफिक्स आहे. त्यावर गेम चालणार नाहीत, पण कॉलेजचं काम आणि व्हिडिओ चालतील. स्वस्त म्हणून एएमडीचाच ७५००एफ सुचवला जातो, त्यातही ही सोय नाही.

"स्ट्रीमिंग करायचंय तर आय७ लागेल" हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. व्हिडिओ एन्कोड करण्याचं, म्हणजे पाठवण्याआधी दाबून लहान करण्याचं, काम प्रोसेसरवर टाकलं तरच ते खरं आहे. आता ते काम ग्राफिक्स कार्डातला वेगळा एन्कोडर करतो आणि प्रोसेसर जवळपास मोकळा राहतो. ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एन्कोडर "एक्स२६४" वरून कार्डाच्या हार्डवेअर एन्कोडरवर न्यायचा, इतकंच. आय७ साठीचे जादा पैसे कार्डात घाला.

रॅम

इथे मात्र इंटेलचा कागद वरचढ वाटू शकतो. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरीचे भाव भडकले. त्यामुळे महिन्यापूर्वीच्या कोटेशनवर विसंबू नका, खरेदीच्या दिवशी भाव पुन्हा विचारा. घरात आधीची डीडीआर४ रॅम पडून असेल तर १२४००एफचा हिशोब खरंच जमतो, आणि तेव्हा मी तोच घ्या म्हणेन. सगळं नवं घ्यायचं असेल तर एएम५ वर १६-१६ जीबीच्या दोन स्टिक, ६००० च्या वेगाच्या. "आता ८-८ घेऊ, नंतर अजून दोन टाकू" असं करू नका. एएम५ वर चार स्टिक लावल्या की वेग बराच खाली आणावा लागतो. ३२ जीबी आत्ता झेपतच नसेल तर १६ ची एक स्टिक घ्या आणि तशीच दुसरी नंतर. तोवर थोडा वेग जाईल, पण घेतलेलं काही फुकट जाणार नाही. आणि पीसी घरी आला की बायोसमध्ये एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे ना, ते बघा. नसेल तर ६००० चे पैसे देऊन तुम्ही ४८०० वर खेळत बसाल.

ग्राफिक्स कार्ड: खरी रस्सीखेच

या बजेटात तीन नावं समोर येतात: एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६०, एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी आणि इंटेलचं आर्क बी५८०. पहिली दोन २०२५ ची, तिसरं २०२४ च्या डिसेंबरचं. मेमरी अनुक्रमे ८, १६ आणि १२ जीबी, वीज अंदाजे १४५, १६० आणि १९० वॅट. ९०६० एक्सटी ८ जीबीतही मिळतं. म्हणून कोटेशनवर नुसतं "९०६० एक्सटी" लिहिलेलं असेल तर पेन देऊन पुढे जीबी लिहून घ्या. ५०६० टीआयच्या बाबतीतही तेच, तेही ८ आणि १६ अशा दोन्हीत येतं.

८ जीबी पुरतात का? व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ ला आरामात. नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर (पृष्ठभागांचे बारकावे) वर नेले की १०८०पी, म्हणजे फुल एचडीवरही ८ जीबी भरतात. मग सरासरी एफपीएस ठीक दिसतो, पण मध्येच चित्र अडखळतं आणि बघणाऱ्यालाही ते कळतं. मोठे गेम खेळणाऱ्याला मी आज ८ जीबीचं कार्ड सुचवणार नाही.

एन्कोडरच्या बाबतीत एनव्हिडिया वर्षानुवर्षं पुढे आहे. एच.२६४ या जुन्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये, म्हणजे ट्विच या स्ट्रीमिंग साइटवर ६००० केबीपीएसच्या आसपास पाठवताना, एएमडीची जुनी कार्डं गवत, धूर, पाणी अशा दृश्यांत चित्र कालवून टाकायची. ९०६० एक्सटीच्या पिढीत एएमडीने यात चांगली सुधारणा केली आणि अंतर बरंच कमी झालं. यूट्यूबवर तर एव्ही१ या नव्या फॉरमॅटमध्ये थेट पाठवता येतं आणि तिन्ही कार्डं एव्ही१ एन्कोड करतात. भाचा यूट्यूबवरच दाखवणार असल्याने हा मुद्दा त्याच्यापुरता मिटला.

आता आवाज. आपल्याकडे मार्च ते जून कूलरशिवाय खोलीत बसणं अवघड. मी भाच्याला माइकसमोर बसवलं, खिडकीतला कूलर चालू केला आणि एक मिनिट रेकॉर्ड केलं. हेडफोन लावून ऐकलं तर त्याच्या बोलण्याखाली पंख्याची सलग घरघर, आणि तिच्या मागे ताट्यांवरून झिरपणाऱ्या पाण्याची टपटप. एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांवर ब्रॉडकास्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालतं, ते दोन्ही आवाज जवळपास पुसून टाकतं. पण ते कार्डाची थोडी ताकद खातं. ओबीएसमध्येही आवाज दाबणारा फिल्टर आहे, आरएननॉइज, आणि तो कुठल्याही कार्डावर चालतो. त्याने घरघर गेली, टपटप थोडी राहिली. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणला आणि गेन (माइकची संवेदनशीलता) कमी केला, तेव्हा तीही जवळपास ऐकू येईना. ब्रॉडकास्ट चांगलंच आहे. पण ८ जीबीचं कार्ड घेण्याइतकं ते कारण मोठं नाही.

बी५८० बद्दल थोडक्यात: जुन्या किंवा हलक्या प्रोसेसरसोबत ते मागे पडतं आणि बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू नसेल तर फारच. ७६०० सोबत, मोठे गेम, कमी पैसे, असं असेल तर विचार करा.

माझा कौल असा. फक्त व्हॅलोरंटसारखे गेम आणि ट्विचवर स्ट्रीमिंग असेल तर ५०६०. मोठे गेम असतील तर १६ जीबीचं ९०६० एक्सटी. १६ जीबीचं ५०६० टीआय सगळ्याच बाबतीत उत्तम, पण बाजारात येताना अमेरिकेतल्या जाहीर किमतीतच ९०६० एक्सटीचे ३४९ आणि याचे ४२९ डॉलर असा फरक होता. इथे १८ टक्के जीएसटी लागून तो आणखी वाढतो.

एसएमपीएस आणि लाईट

चार वर्षांपूर्वी मी स्वतः या ओळीवर पैसे वाचवले होते. डिसेंबरात असेंबल केलेला पीसी एप्रिलपर्यंत नीट चालला. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, एका संध्याकाळी गेम सुरू करून चाळीसेक मिनिटं झाली असतील, पीसी एकदम बंद पडून पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी कार्ड बदलून पाहिलं, विंडोज नव्याने टाकलं, आठवडा घालवला. दोष निघाला एसएमपीएसचा.

डब्यावरच्या ८० प्लस ब्रॉन्झ किंवा गोल्ड या शिक्क्याची चाचणी २३ अंश तापमानाला होते, आणि ती फक्त किती वीज वाया जाते ते सांगते. पूर्ण वॅट किती तापमानापर्यंत मिळतील हे कंपनीच्या माहितीपत्रकात वेगळं दिलेलं असतं. ४० अंश लिहिलेला आणि ५० अंश लिहिलेला यांत नागपूरकराने ५० चा घ्यावा. वॅट फार लागत नाहीत: ७६०० जास्तीत जास्त ८८, कार्ड १६०, बाकी सगळं मिळून साठेक. चांगला ५५० पुरतो, ६५० घेतला तर पुढचं कार्डही त्यावर चालेल. निनावी ७५० पेक्षा नाव असलेला ५५० केव्हाही बरा.

पीसी घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे ना ते पाहा, आणि त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. एसएमपीएस वीज नसताना साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर त्याच्या आत वीज देतो, साध्या मोडमध्ये बऱ्याचदा नाही. भाच्याच्या घरी ते बटण साध्या मोडवर होतं, कोणी हातच लावला नव्हता. शिवाय राउटर आणि फायबरचा डबाही त्याच लाइनवर घ्या. नाहीतर पीसी चालू राहील आणि स्ट्रीम जाईल.

कॅबिनेट आणि कूलिंग

पुढे काच असलेलं कॅबिनेट की जाळी असलेलं? जाळी. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या पार्टचंही साधारण तितकंच वाढतं, आणि काचेमागचे पंखे श्वास कोंडल्यासारखे फिरतात. पुढे दोन पंखे, मागे एक, आणि पुढच्या जाळीला काढता येणारा फिल्टर. माझ्याकडचा फिल्टर जूनमध्ये काढला तेव्हा त्यावर करड्या धुळीचा थर बसला होता, कूलरच्या दमट हवेने तो नमद्यासारखा झालेला. बोटाने सोलून निघाला. म्हणून मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुवायचा आणि पूर्ण वाळवूनच परत लावायचा.

लिक्विड कूलर या बजेटात नको. ७६०० सोबत डब्यात येणारा पंखा चालतो, पण उन्हाळ्यात आवाज करतो आणि माइकमध्ये तोही येतो. डीपकूलच्या एके४०० सारखा साधा एअर कूलर पुरे. खोलीतल्या कूलरची थंड हवा थेट कॅबिनेटवर सोडण्याचा मोह होतो, तो टाळा. त्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षारही. ताट्यांवर बसणारा पांढरा थर बोर्डावर बसायला नको.

एसएसडी १ टीबीची चौथ्या पिढीची एनव्हीएमई, बोर्ड बी६५० चा साधा. यात डोकं घालण्यासारखं फारसं नाही.

शेवटी भाच्याने दोन्ही कागदांतून तिसरा तयार केला: ७६००, ३२ जीबी डीडीआर५, १६ जीबीचं ९०६० एक्सटी, ५० अंशांवर पूर्ण वॅट देणारा ६५० चा एसएमपीएस, जाळीचं कॅबिनेट. बेरीज बजेटबाहेर जात होती, तेव्हा आरजीबी पंखे आणि काच गेली, एसएसडी २ टीबीची १ झाली. बिल जीएसटीचं, त्याच्या स्वतःच्या नावावर, प्रत्येक पार्टच्या सिरियल नंबरसकट घेतलं. पैसे देण्याआधी दुकानातच अर्धा तास गेम लावून बसलो, आणि घरी आणल्यावर भर दुपारी दोन वाजता पुन्हा. कार्ड ७४ अंशांवर स्थिरावलं.

त्याचं टेबल अजून कूलरच्या खिडकीसमोरच आहे. या रविवारी ते समोरच्या भिंतीला न्यायचंय, त्यासाठी इन्व्हर्टरच्या लाइनचा एक स्विचबोर्ड तिकडे ओढावा लागेल.