१७९६ च्या सेबरची 'हुबेहूब' प्रतिकृती: ₹२२,९८० ची सपाट पट्टी

सेबर म्हणजे घोडदळाची बाकदार तलवार; तिचीच प्रतिकृती मागवली होती. रक्कम आधीच सांगतो, म्हणजे "किती गेले?" हे कोणी विचारायला नको. आगाऊ ₹९,२५०. पात्याला पाणी देण्याआधीचा, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण करण्याआधीचा, हप्ता ₹५,५५०. पाठवण्याआधी उरलेले ₹३,७००. जीएसटीच्या नावाखाली ₹३,३३०, आणि बिलावर जीएसटी क्रमांकाचा पत्ता नाही. वाहतूक ₹१,१५०. एकूण ₹२२,९८०. त्या बदल्यात मिळाली ती पाच मिलिमीटरच्या पट्टीतून कापलेली, १,२४० ग्रॅम वजनाची, तलवारीच्या आकाराची वस्तू.

पंचवीस जणांची बॅच, "शेवटच्या दोन जागा", हप्त्याहप्त्याने पैसे, कारखान्याचे धुरकट फोटो. हा खेळ कसा चालतो ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. "स्वस्ताला भुललात" असं म्हणणाऱ्यांनी मात्र पुढचं वाचावं. इथे आमिष स्वस्ताईचं नव्हतंच. आमिष मापाचं होतं, आणि माप नेमकं तेच, जे या छंदातले लोक वर्षानुवर्षं मागत आलेत.

ल मार्शंट या ब्रिटिश घोडदळ अधिकाऱ्याच्या आराखड्याची ब्रिटिश हलक्या घोडदळाची १७९६ ची सेबर हातात घेतलेल्याला हे सांगावं लागत नाही. पातं साधारण ८३ सेंटिमीटर, पूर्ण हत्यार ९०० ते १,००० ग्रॅमच्या आसपास. गंमत आहे ती पाठीच्या जाडीत. मुठीजवळ आठ-दहा मिलिमीटर, आणि तिथून उतरत उतरत टोकाशी दोनच्या आसपास. पुढचा भाग रुंद असूनही हात ओढला जात नाही तो या उतारामुळे. बाजारातल्या बहुतेक प्रतिकृतींत पट्टी मुठीपासून टोकापर्यंत जवळजवळ एकाच जाडीची असते. बाहेरून आकार तोच, पण फिरवायला गेलं की पहार. असा उतार काढायचा तर दहा मिलिमीटरचं पोलाद घेऊन ते ठोकावं किंवा घासून कमी करावं लागतं, म्हणजे मजुरी वाढते. त्यामुळे साध्या प्रतिकृतीपेक्षा बरीच जास्त किंमत सांगितली गेली तेव्हा ती रास्तच वाटली. वाटणारच. फुकटात देतो म्हणाला असता तर संशय आला असता.

शिवाय विकणारा अडाणी नव्हता. निजामाच्या घोडदळाने इंग्रजांची टाकून दिलेली जुनी पाती देशी मुठींत बसवली, लाकडी म्यानात धार टिकवून ठेवली, आणि ब्रिटिश घोडदळातल्या कॅप्टन नोलनने १८५३ मध्ये ते लिहून ठेवलं, हे सगळं त्याला तोंडपाठ. म्हणून म्यान लोखंडी असलं तरी आत लाकडी अस्तर हवं, हेही त्यानेच आपणहून सांगितलं. आलेल्या म्यानात अस्तराचा एक कपटासुद्धा नाही. नुसता पत्रा, आणि पातं त्यात खडखडतं.

आता तो व्हिडिओ. दुसरा हप्ता मागण्याआधी "पात्याची चाचणी" म्हणून पाठवलेला. मूठ शिकंज्यात धरलेली, टोक ओढून पातं वाकवलं, सोडलं, सरळ झालं. बघणारे सगळे खूश. आणि तिथेच, त्या वीस सेकंदांत, सगळं उघड होतं. जाडी निम्मी झाली की ताठपणा एक-अष्टमांशावर येतो. त्यामुळे खरोखर उतरत्या जाडीचं पातं वाकतं ते मुख्यतः पुढच्या तिसऱ्या भागात, मुठीकडचा भाग जवळपास सरळ राहतो. एकसारख्या जाडीची पट्टी उलट वागते. ताण मुठीपाशी सगळ्यात जास्त, म्हणून वाक तिथेच पडतो. व्हिडिओत पातं परजेच्या (मुठीवर हाताचं रक्षण करणाऱ्या भागाच्या) अगदी पुढ्यात वाकत होतं आणि टोकाकडचा भाग मूळ आकार न बदलता नुसता खाली येत होता. पात्याला मुळातच बाक असल्यामुळे डोळा फसतो, हे खरं. पण व्हिडिओ थांबवून, वाकवण्याआधीचं आणि वाकलेलं अशी दोन चित्रं शेजारी ठेवली की शेंबडं पोरही सांगेल. त्या क्षणापर्यंत गेले होते ₹९,२५०. उरलेले ₹१३,७३० त्या व्हिडिओनंतरचे आहेत. हे आठवलं की अजून डोकं फिरतं.

फोटोंची लबाडी वेगळीच. कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) मुठीजवळ ९ मिलिमीटर दाखवतो, फोटो अगदी स्वच्छ. टोकाकडचा फोटो मागितला तर "पॉलिश चालू आहे". नंतर मोठा करून पाहिल्यावर पाठीवर गंजाचे जुने, खोल खड्डे दिसले. नव्या पोलादावर असे खड्डे कुठून येणार? तो कुठल्यातरी अस्सल जुन्या सेबरचा फोटो. तेव्हा एक करा: पाच ठिकाणी कॅलिपर लावलेला, न तोडता काढलेला एकच व्हिडिओ मागा. परजेपाशी, पाव अंतरावर, मध्यावर, पाऊण अंतरावर आणि टोकापासून पाच सेंटिमीटरवर. आणि त्याच चित्रणात पातं वजनकाट्यावर. टाळाटाळ केली की पैसे थांबवा.

तोलाचा बिंदू, म्हणजे जिथे बोटावर ठेवली तर तलवार आडवी तोलून राहते तो, परजेपासून १६ सेंटिमीटरवर असेल असं लेखी दिलं होतं. निघाला २२ वर, म्हणजे वजन पुढे सरकलेलं.

पोलाद "ईएन ४५" म्हणून सांगितलेलं, म्हणजे गाडीच्या पाटा-स्प्रिंगचं सिलिकॉन-मँगनीज पोलाद. त्याला नीट पाणी देऊन मग ताव उतरवला (पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा घालवला), तर कठीणपणा रॉकवेल ४८ ते ५२ च्या घरात यायला हवा. इथे कानस लोण्यात शिरावी तशी शिरते. थोडं वाकवलं तर पातं वाकडंच राहतं, म्हणजे व्हिडिओतलं पातं हे नव्हतंच. ग्राइंडरला लावल्यावर ठिणग्या लांब, सरळ, फाटे फारच थोडे. कर्ब पुरेसा असता तर ठिणग्या फुटून फुलल्या असत्या. साधं मऊ लोखंड.

सगळ्यात धोक्याची गोष्ट मुठीच्या आत निघाली. टँग, म्हणजे पात्याची मुठीत शिरणारी शेपटी, पात्याच्याच पोलादातली, रुंद आणि खांद्याशी गोलाई दिलेली हवी. इथे जेमतेम चार सेंटिमीटरचा तुकडा आणि त्याला वेल्डिंग केलेला सहा मिलिमीटरचा आट्यांचा गज. वर रिव्हेट ठोकल्यासारखं दिसतं ते खरं तर नट लावून घासलेलं. खांद्याचे कोपरे काटकोनात. तडा जातो तो इथेच किंवा वेल्डजवळ, आणि गेला की पातं समोरच्याच्या अंगावर उडतं. अशा वस्तूने कापण्याचा सराव अजिबात करू नका, भिंतीवर टांगा. मूठ उघडून दाखवायला जो नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊच नका, निदान मूठ बसवण्याआधीचा टँगचा फोटो पदरात पाडून घ्या.

आता सरकारी दारांची कथा. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न फसवणुकीचा नसतोच. प्रश्न असतो, "तलवार कशाला मागवली?" दुसरा, "धारेची की शोभेची?" धारेची म्हणालात तर शस्त्र कायदा १९५९, कलम ४ आणि २५ ची (परवाना आणि शिक्षा) आठवण तुम्हालाच करून देतात. शोभेची म्हणालात तर, "मग शोभेचीच मिळाली की! तक्रार कसली?" मागवलेली बोथटच होती, कडेची जाडी दोन मिलिमीटर असं ऑर्डरीत लिहिलेलं होतं, हा कागद बघायला कोणी तयार नाही. जाडीचा उतार समजावायला घेतला की टेबलापलीकडे हसू. "वस्तू पोचली ना? मग हे दिवाणी प्रकरण." अहो, एक दाखवून दुसरं गळ्यात मारणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? सायबरवाले म्हणतात, माल आला म्हणजे सायबर गुन्हा नाही, ठाण्यात जा. ठाणं म्हणतं, पैसे ऑनलाइन गेले, सायबरला जा. बँक म्हणते, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदली जाते आणि विक्रेत्याकडे पाठवली जाते, म्हणजे त्याच गृहस्थाकडे, ज्याने फोन बंद करून नवं खातं उघडलंय! कुरिअर कंपनीच्या कागदावर तर वस्तूचं वर्णन "सजावटीचं सामान, किंमत ₹९००". त्यामुळे तिथूनही हात झटकलेले. पाच दारं, आणि प्रत्येक दारावर पुढच्या दाराचा पत्ता.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा तर पैसे गेल्या गेल्या, रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी. बॅचमधले बाकीचे "अजून पॉलिश चालू असेल" म्हणत थांबलेत. त्यांनी आजच करावा. यापुढे दुसऱ्या कुणाकडून असं काही मागवलंत तर हप्ते शक्यतो क्रेडिट कार्डाने द्या, तिथे निदान व्यवहारावर वाद उभा करता येतो. यूपीआयने गेलेलं परत मिळवणं फार अवघड. "बोथट आहे म्हणजे परवान्याचा प्रश्नच नाही" हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकून गप्प बसू नका, आपल्या भागातले नियम वकिलाला विचारा आणि कडेची जाडी बिलावर लिहून घ्या.

थोडीफार आशा आहे ती जिल्हा ग्राहक आयोगात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. तक्रारीत "दर्जा वाईट" असं मोघम लिहू नका. दोन रकाने करा: कबूल केलेलं माप आणि मिळालेलं माप. पाच ठिकाणची जाडी, वजन, तोल, कठीणपणा. प्रयोगशाळेकडून कठीणपणाचा लेखी अहवाल घ्या, कानशीची गोष्ट तिथे चालणार नाही. पातं घासू नका, सरळ करू नका, मूठ पुन्हा जोडू नका, पार्सलवरची चिठ्ठीही फाडू नका. याच बॅचमध्ये ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी आपापली मापं काढून ठेवावीत. कलम ३५ खाली आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार करता येते, आणि पंचवीस पात्यांची जाडी एकाच तक्त्यात आली तर "तुमचाच नग तेवढा खराब निघाला" हे उत्तर त्याला देता येणार नाही.