रंगीत तक्तपोशीचे पोपडे: मासळीचा सरस की पॅरालॉइड?

तुर्कस्तानातल्या सफ्रानबोलूसारख्या गावांतल्या उस्मानी घरांत तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या, फळ्यांवर ‘कालेम इशी’ असते, म्हणजे कुंचल्याने रंगवलेली नक्षी. कालेम म्हणजे आपलं कलमच. सरसात कालवलेला रंग पोपडे धरू लागला की तो चिकटवायचा कशाने, हा प्रश्न येतो. स्टर्जन माशाचा सरस आणि पॅरालॉइड बी-72 ही कृत्रिम अॅक्रिलिक राळ, दोन्ही चालतात. माझा कल सरसाकडे आहे, आणि त्याला कारण एकच, डाग.

सरसातला रंग मुळात कोरडा, खडूसारखा दिसतो. त्यात पॅरालॉइड मुरलं की निळा गडद होतो, पांढरा मळकट दिसतो. पोपड्याभोवती रुपयाएवढं चकचकीत वर्तुळ उमटतं आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात ते खालूनही दिसतं. पॅरालॉइड लावायचं तर आधी अॅसिटोन किंवा टोल्यूइनमध्ये विरघळवावं लागतं. अ‍ॅसिटोन झपाट्याने उडतं आणि उडताना राळ पृष्ठभागावर ओढून आणतं. टोल्यूइन सावकाश उडतं, पण परांचीवर तोंड छतापासून हातभर अंतरावर, त्यामुळे सेंद्रिय वाफांचा मुखवटा लागतोच. शिवाय पॅरालॉइड 40 अंशांच्या आसपास मऊ पडतं. कौलांखालची फळी उन्हाळ्यात तेवढी तापू शकते, मग धूळ त्यात रुतते.

रंग गडद झाल्याने काय होतं, ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या 1707 च्या दमास्कस खोलीत, म्हणजे दमास्कसच्या एका घरातून आणलेल्या रंगीत लाकडी खोलीत दिसतं. तिथे दोष वार्निशचा. नंतर चढवलेल्या थरांखाली मूळचे उजळ रंग काळवंडले.

सरसाला मेहनत जास्त. 3 ग्रॅम सुका सरस 100 मिलि शुद्ध पाण्यात रात्रभर भिजवायचा, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवायचा, गाळायचा. 60 अंशांच्या वर तापवला तर चिकटपणा कमी होतो. आधी काजळी मऊ कुंचल्याने कोरडीच झाडा, नाहीतर ओल पसरून तपकिरी कडा उमटतात. पोपड्यामागे पाणी आणि इथेनॉल समभाग मिसळून थेंबभर सोडा, म्हणजे सरस आत शिरतो. मग पातळ जपानी कागद लावून त्यावरून कोमट सरस फिरवा. जरा आवळू लागला की सिलिकॉनचा कागद ठेवून कोमट उलथण्याने हलकेच दाबा. घाई केलीत तर पोपडा उलथण्यालाच चिकटून येतो.

तरी पॅरालॉइड बाद नाही. ओल्या कापसाच्या बोळ्यावर रंग उतरत असेल, किंवा गळक्या छपरामुळे सरसाला बुरशीची भीती असेल, तर तेच बरं. किड्याने पोखरलेल्या फळीतही मागच्या बाजूने तेच भरावं. दमास्कसच्या ‘अजमी’ कामातली जिप्समची उठावदार नक्षी जास्त पाण्याने मऊ पडते. तिथे सरस घ्यायचा तर थेंब मोजूनच.

ठरत नसेल तर कंगोऱ्याआडच्या एका कोपऱ्यात दोन्ही वापरून बघा. निकाल त्याच दिवशी लावू नका, दोन दिवसांनी खिडकी उघडून खालून पाहा.