सीलबंद डबा, आत भलतीच फिल्म

लार्ज फॉरमॅटवर, म्हणजे मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर, पोर्ट्रेट करताय आणि सेकंडहँड शीट फिल्म (रोल नाही, सुट्या शीट) घ्यायचा विचार आहे? मग हे आधी वाचा, कारण मला ज्या पद्धतीने गंडवलं ती फारच सोपी आहे आणि तो माणूस अजून विकतोय.

जाहिरात अशी: ४ बाय ५ इंच, ४०० आयएसओ (म्हणजे फिल्मचा स्पीड, आकडा मोठा तितका प्रकाश कमी लागतो) ब्लॅक अँड व्हाइट, २५ शीट, एक्सपायर्ड पण कायम फ्रीझरमध्ये, सीलबंद. डबा आला तो खरंच कंपनीचाच, चिकटपट्टी व्यवस्थित, फक्त लेबलचा एक कोपरा फाटलेला आणि नेमका बॅच नंबर तिथेच.

चेंजिंग बॅगमध्ये (हात घालून अंधारात फिल्म हाताळायची काळी पिशवी) होल्डर, म्हणजे शीट कॅमेऱ्यात लावायच्या चौकटी, भरायला घेतले तर शीट आत जाईचना. खरी ४ बाय ५ शीट मोजून चार-पाच इंच नसते, लांबी-रुंदीत साधारण दीड मिलिमीटर कमीच कापतात म्हणजे ती होल्डरमध्ये अलगद सरकते, ही मात्र प्रत्येक वेळी अडकत होती. बरं, कोपऱ्यावरून बोट फिरवलं तर खाचा पण नाहीत! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शीट फिल्मच्या एका कोपऱ्याला खाचा असतात, शीट उभी धरून त्या वर उजवीकडे आल्या की इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) आपल्याकडे, आणि खाचांच्या आकारावरून अंधारातही फिल्म कुठली ते कळतं. विक्रेत्याला लगेच मेसेज टाकला. उत्तर आलं, "जुन्या बॅचला खाचा नसायच्या." इतक्या ठामपणे की बस.

तरी शीट कशाबशा होल्डरमध्ये सरकवल्या. पोर्ट्रेट मैत्रिणीच्या आईचं होतं. काकू मस्त तयार होऊन आलेल्या, लाल लिपस्टिक वगैरे, आणि काळ्या कापडाखाली माझं फोकस होईपर्यंत बिचाऱ्या मान न हलवता बसल्या. डेव्हलप केल्यावर सगळ्या निगेटिव्ह पातळ, सावल्यांत काहीच नाही, बेस निळसर, आणि प्रिंटमध्ये ओठ काळेकुट्ट, गालावरचा प्रत्येक डाग ठळक. काकू म्हणाल्या, "अगं, मी काय कोळसा खाऊन आले होते का?"

तिथे ट्यूब पेटली. ही एक्स-रे फिल्म. तिला लाल रंग दिसतच नाही म्हणून लाल ते काळं होतं, स्पीड लोक साधारण ८० ते १०० धरतात म्हणजे ४०० समजून दिलेलं एक्स्पोजर चौपट कमी पडलं, आणि ८ बाय १० ची शीट चार तुकड्यांत कापली की बरोब्बर ४ बाय ५ होते म्हणून होल्डरमध्ये अडकत होती. खात्रीसाठी एक कोरी शीट लाल सेफलाइटखाली (डार्करूममधला मंद लाल दिवा) ठेवली, वर एक नाणं, थोड्या वेळाने डेव्हलप केली. पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग दिसणारी नेहमीची फिल्म असती तर शीट काळी होऊन नाण्याचा गोल उरला असता. इथे अख्खी शीट साफ.

हे पुरावे पाठवले तर आधी म्हणे जुन्या फिल्मला फॉग, म्हणजे सगळीकडे करडी झाक, येतोच (फॉग कुठेय, उलट साफ आहे!), मग म्हणे तुमचं डेव्हलपिंग चुकलं, आणि शेवटी हुकमी एक्का: उघडलेला डबा परत घेत नाही. गंमत बघा, फिल्म तपासायची तर डबा उघडावा लागतो आणि उघडला की परत नाही. त्याचा सगळा धंदा याच्यावरच चाललाय. नंतर ब्लॉक केलं मला.

एक्स-रे फिल्म वाईट नाही हां, मुद्दाम ती वापरून फार सुंदर पोर्ट्रेट करणारे लोक आहेत, पण त्यांना माहीत असतं हातात काय आहे आणि ते किंमतही तिचीच मोजतात.

आता घेताना उघडलेला डबा असेल तर मी सरळ एक शीट बळी द्यायला सांगते, उजेडात काढून खाचेचा कोपरा आणि दोन्ही बाजू दिसतील असा फोटो, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी. एक्स-रे फिल्म बहुतेक दोन्ही बाजूंनी सारखीच मॅट दिसते कारण इमल्शन दोन्हीकडे असतं. सीलबंद म्हणत असेल तर बॅच नंबर आणि एक्सपायरी स्पष्ट दिसायलाच हवी, लेबल फाटलं असेल तर विषय संपला. आणि स्वतःचे रिकामे डबे कोणाला देताना वर मार्करने मोठं "रिकामा" लिहा, कारण असल्या लोकांना खरा डबाच तर हवा असतो.

तो आता दुसऱ्या नावाने आलाय. फोटो तोच, फाटक्या कोपऱ्याच्या डब्याचा, फक्त यावेळी १०० आयएसओ लिहिलंय.